आजीच्या बेडक्यातला जंतू आणि बाळाची तिसरी पेंटा

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एका सुनेचं पत्र आलं आहे. नावगाव अर्थातच गाळलंय. घरात सासू-सासरे, नवरा, ती आणि चार महिन्यांची मुलगी. सासूबाई पासष्टीच्या. गेली सात-आठ वर्षं थंडी पडली की त्यांना खोकला धरतो, धाप लागते. गेल्या महिन्यात बेडका हिरवट झाला, ताप आला, चार दिवस तालुक्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. थुंकीच्या कल्चरचा, म्हणजे थुंकीतला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा रिपोर्ट आला, 'हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, बीटा लॅक्टमेज पॉझिटिव्ह'. औषधानं सासूबाईंना उतार पडला. पण डी. फार्मसी करणाऱ्या भाचीनं रिपोर्ट वाचला आणि म्हणाली, पेंटा ही पाच आजारांवरची एकत्र लस ज्याच्यासाठी देतात तो हाच जंतू, यानं बाळांना मेंदूज्वर होतो. झालं, घराचा नूरच पालटला. सासूबाईंनी आपण होऊन पडवीत खाट टाकली, ताट-वाटी वेगळी केली, नातीला हात लावायचं सोडलं. बाळाचे पेंटाचे दोन डोस झालेत. दुसऱ्या डोसनंतर ताप आला, मांडीत गाठ आली, रात्रभर किरकिर झाली, म्हणून तिसरा लांबवला; आणि आता नवरा म्हणतो, जंतू घरात आलाच आहे तर लशीचा काय उपयोग. वाचक विचारते की बाळाला घेऊन दोन महिने माहेरी जाऊ का? घरातल्या सगळ्यांनीच अँटिबायोटिक घ्यावं का? सासूबाईंच्या चार गोळ्या उरल्यात, त्यातली पाव-पाव बाळाला चालेल का? पत्राच्या शेवटी एक ओळ सहज लिहिलेली आहे: 'बाळाचं न्हाणं-माखणं, धुरी सगळं त्याच करायच्या, आता ते माझ्या एकटीवर आलंय.'

तुला अगं-तुगं करते. माझ्या मुलीच्या वयाची आहेस, आणि पत्र वाचताना हात आपोआप तुझ्या पाठीवर गेला.

आधी तीन मुख्य गोष्टी सांगून टाकते, म्हणजे आजची रात्र तरी झोपशील. या जंतूच्या भीतीनं माहेरी जाऊ नकोस. तिसरा डोस येत्या लसीकरणाच्या दिवशी देऊन टाक. आणि त्या चार गोळ्यांतला कणही बाळाच्या तोंडात जाता कामा नये. कारणं आता सावकाश सांगते. मी एकतीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली, या जंतूशी माझी जुनी ओळख आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

तुमच्या घरात सगळा घोळ नावानं घातला आहे. १८८९ साली जगभर फ्लूची मोठी साथ आली. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या रोग्यांच्या थुंकीत हा बारीक जंतू सापडला आणि त्यानं जाहीर केलं की फ्लूचं कारण हेच. चोर पळून गेला आणि बघ्याला धरलं, तसं झालं ते. फ्लू विषाणूनं होतो, आणि माणसातला तो विषाणू वेगळा काढायला १९३३ साल उजाडावं लागलं. तोवर या बिचाऱ्याच्या नावाला 'इन्फ्लुएन्झी' कायमचं चिकटलं होतं. 'हिमोफिलस' म्हणजे रक्ताची आवड असलेला, तेवढं मात्र खरं आहे. म्हणजे सासूबाईंना फ्लू झाला होता असं तो रिपोर्ट म्हणत नाही, आणि त्यांच्या रक्तात काही शिरलंय असंही म्हणत नाही.

भाचीचं अर्धं बरोबर आहे. अर्धंच.

हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हे आडनाव समज. एकाच आडनावाची गावात दहा घरं असतात. एक भांडकुदळ निघालं म्हणून सगळ्यांना कुणी वाळीत टाकत नाही. या जंतूच्या काही जातींच्या अंगावर साखरेच्या साखळीचं एक गुळगुळीत आवरण असतं. अमेरिकेत मार्गारेट पिटमन या बाईंनी १९३१ मध्ये दाखवून दिलं की या आवरणाचे प्रकार वेगवेगळे आहेत. ए पासून एफ पर्यंत असे सहा प्रकार आपण आज मानतो. बाळांच्या मेंदूच्या पाण्यात सापडायचा तो प्रामुख्यानं 'बी'. त्यालाच थोडक्यात 'हिब' म्हणतात, आणि पेंटातला पाचवा भाग आहे तो फक्त या हिबसाठी. त्या आवरणामुळे शरीरातल्या पांढऱ्या पेशींना तो धरता येत नाही, हातातून साबण निसटावा तसा निसटतो, रक्तात शिरतो आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो.

उलट वर्षानुवर्षं खोकणाऱ्या, धाप लागणाऱ्या मोठ्या माणसांच्या बेडक्यात सापडतो तो बहुतेक वेळा बिनआवरणाचा भाऊबंद. तो रक्तात सहसा शिरत नाही. नाकात, घशात, कानात, श्वासनळ्यांत घुटमळत राहतो. धडधाकट माणसांच्या नाका-घशातही तो मुकाट्यानं राहत असतो. तुझ्या नवऱ्याच्या नाकात आज नसेलच असं मी पैजेवर सांगणार नाही. तेव्हा 'जंतू घरात आला' हे त्याचं म्हणणं मुळातच उलटं आहे. असले जंतू घरात असतातच. छाती कमजोर झाली, श्वासनळ्यांचं अस्तर खराब झालं, की ते तिथं पाय पसरतात.

आता तू म्हणशील, रिपोर्टमध्ये प्रकार कुठं लिहिलाय? नाही लिहिलेला, आणि साधारण प्रयोगशाळा तो लिहीतही नाही. डॉक्टरांना एकदा जरूर विचार. पण समजा, अगदी क्वचित, तो हिब निघाला. मग तर तिसऱ्या डोसची घाई जास्तच करायला हवी ना? पाऊस दारात आला म्हणून कुणी छत्री अडगळीत टाकतं का?

जाता जाता एक सांगते. तो रिपोर्ट देणाऱ्या प्रयोगशाळेला माझा नमस्कार. हा जंतू नखरेल आहे. प्रयोगशाळेत जंतू वाढवायला बशीत जे खाद्य, म्हणजे माध्यम, घालतात, त्यातल्या साध्या रक्ताच्या माध्यमावर तो धड वाढत नाही, कारण त्याला हवी असलेली दोन पोषणद्रव्यं तांबड्या पेशींच्या आत कोंडलेली असतात. त्यासाठी रक्त तापवून त्या पेशी फोडाव्या लागतात. मग माध्यमाचा रंग चॉकलेटसारखा होतो, म्हणून त्याला चॉकलेट अगार म्हणतात. चॉकलेटचा त्यात कणही नसतो. (नव्यानं रुजू झालेली मुलं पहिल्या दिवशी बशीचा वास घेऊन बघायचीच.) साध्या रक्ताच्या बशीवर वाढवायचा झाला तर शेजारी दुसऱ्या एका जंतूची रेघ ओढायची. तो रक्तपेशी फोडत जातो, आणि पाटाच्या कडेकडेनं कोथिंबीर उगवावी तशा या हिमोफिलसच्या बारीक, दवबिंदूसारख्या वसाहती त्या रेघेलगत उगवतात. किती वेळा पाहिलं तरी मला त्याचं कौतुक वाटायचं. सांगायचं काय, की चॉकलेट अगार न वापरणाऱ्या ठिकाणी हा जंतू सुटून जातो. तुमच्या सासूबाईंना मागच्या थंड्यांतही याच जंतूनं त्रास दिला असेल, फक्त त्याचं नाव कुणी कागदावर लिहिलं नसेल. म्हणजे तेव्हाही तो होता, आणि तेव्हा कुणी पडवीत खाट टाकली नव्हती.

हिबला मात्र मी कमी लेखत नाही. नव्वदच्या दशकात आमच्याकडे बालरुग्ण विभागातून मणक्यातल्या पाण्याच्या नळ्या यायच्या. ते पाणी नितळ असायला हवं. तांदूळ धुतल्यासारखं गढूळ आलं की पोटात गोळा यायचा. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की पू-पेशींच्या गर्दीत फिकट गुलाबी, बुटके ठिपके, मधूनच एखादा लांब धागा. फोन उचलून वॉर्डला सांगायचं. बहुतेक बाळं दोन वर्षांच्या आतली असायची. काही गेली. काही वाचली, पण ऐकू येईनासं झालं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या आया मला अजून दिसतात.

लस यायला उशीर लागला त्याचं कारण बाळांच्या शरीरातच होतं. हिबच्या आवरणातली साखर नुसती टोचली, तर दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर तिच्याकडे ढुंकून बघत नाही. १९८० च्या सुमारास जॉन रॉबिन्स आणि रेचेल श्नीर्सन यांनी ती साखर प्रथिनाला बांधून टोचायची युक्ती काढली. मग शरीर दखल घेतं आणि लक्षातही ठेवतं. आपल्या सरकारी कार्यक्रमात पेंटा डिसेंबर २०११ मध्ये तामिळनाडू आणि केरळपासून सुरू झाली आणि २०१५ पर्यंत देशभर पोचली. आपल्या पुण्यातही ती बनते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि हिब; सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. तुझ्या मुलीचा तिसरा डोस दोन-तीन आठवडे मागे पडलाय. त्यानं काही बिघडलेलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, राहिलेला एक द्यायचा आणि मोकळं व्हायचं. खासगी बालरोगतज्ज्ञ दीड वर्षाच्या आसपास हिबचा बूस्टरही सुचवतात, तेही तेव्हा विचारून घे.

आणि दुसऱ्या डोसनंतरचा ताप? त्याचं खापर बिचाऱ्या हिबवर फोडू नकोस. पेंटामधला ताप आणणारा भाग मुख्यत्वे डांग्या खोकल्याचा असतो. ताप, मांडीला गाठ, एखाददुसरी रात्र किरकिर, हे व्हायचंच. गाठीला चोळायचं नाही, शेकायचं नाही, गार पाण्याची घडी ठेवायची; तापासाठी नर्सताई पॅरासिटामॉल किती द्यायचं ते बाळाच्या वजनाप्रमाणे सांगतील. पण तुझी 'रात्रभर किरकिर' नेमकी कशी होती? मधूनमधून झोपून, अंगावर पिऊन पुन्हा रडली असेल तर चिंता नाही. सलग तीन तासांच्या वर काही केल्या थांबेना असं रडणं, आकडी, अंग लुळं पडणं, अंगावर गांधी उठून श्वास अडकणं, यातलं काही झालं असेल तर डोसच्या आधी डॉक्टरांना सांग. काय करायचं ते त्यांना ठरवू दे, शेजारणींना नाही.

आता गोळ्या. बीटा लॅक्टमेज हे रिपोर्टमधले शब्द तुम्ही कुणी वाचले नाहीत असं दिसतं, सगळ्यांची नजर जंतूच्या नावावरच अडकली. त्याचा अर्थ असा की साधं अमॉक्सिसिलिन निकामी करणारं हत्यार या जंतूकडे आहे. म्हणून डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं असणार. तेव्हा पुढच्या थंडीत 'मागच्या वेळची ती गोळी द्या' म्हणून मेडिकलमधून परस्पर काही आणू नका. पेनिसिलिनला न जुमानण्याची या जंतूची खोड तर फार जुनी आहे. अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९२९ मध्ये पेनिसिलिनवर पहिला लेख लिहिला, त्यात त्याचा एक उपयोग काय सांगितला होता माहीत आहे? बाकीचे जंतू मारून टाकायला बशीत पेनिसिलिन घालायचं, म्हणजे हा फायफरचा जंतू निवांत वाढवता येतो! जगाला वाचवणारं औषध आधी याच्या शेतातलं तण काढायला वापरलं गेलं.

चार गोळ्या मुळात उरल्या का, हेही डॉक्टरांना विचार. दिलेले दिवस पुरे झाले नसतील तर ते त्यांना कळायला हवं.

घरातल्या सगळ्यांनी औषध घेण्याची कल्पना तुला बहुधा भाचीच्या पुस्तकातूनच मिळाली. तसा नियम आहे, पण कुणाला हिबचा मेंदूज्वर किंवा तसाच रक्तात शिरलेला आजार झाला आणि घरात लस अपुरी राहिलेलं लहान मूल असेल, तेव्हाचा. त्यासाठी रिफाम्पिसिन चार दिवस देतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सासूबाईंच्या छातीतल्या बिनआवरणाच्या जंतूसाठी नाही. रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध आहे. ते उगाच वापरून बोथट करायची चैन आपल्या देशाला परवडणारी नाही.

टीबीचं नाव निघालंच, तर सांगते. तुझ्या पत्रात मला खरोखर खटकलं ते हे, की सात-आठ वर्षांचा खोकला आहे, पण थुंकीची टीबीची तपासणी झाली की नाही याचा उल्लेखच नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर ती व्हायलाच हवी, आणि सरकारी दवाखान्यात फुकट होते. बाळाला आजीपासून धोका आहे का, असं मला विचारलंस तर मी आधी हा कागद मागेन. झाली असेल तर उत्तम. नसेल तर येत्या आठवड्यात कर, आणि रिपोर्ट येईपर्यंत सासूबाईंनी बाळाजवळ मास्क लावावा. हे त्यांना सांगताना आवाज हळू ठेव. त्या आधीच स्वतःला अस्पृश्य करून बसल्या आहेत.

आणि आता तुझ्या त्या शेवटच्या ओळीकडे येते. धुरी.

सासूबाईंना तंबाखूचं व्यसन नाही, विडी नाही, असं तू लिहिलंस. मग छाती एवढी कशानं गेली? चाळीस-पंचेचाळीस वर्षं चुलीपुढं फुंकणी घेऊन बसलेल्या बायकांच्या छातीचे फोटो मी पाहिले आहेत. ओल्या काटक्या, पाचट, गोवऱ्या यांचा धूर वर्षानुवर्षं छातीत गेला की श्वासनळ्यांचं अस्तर, म्हणजे घाण बाहेर लोटणारा बारीक केसांचा झाडू, झडून जातो. मग कफ साचतो, आणि साचलेल्या कफात हिमोफिलससारखे जंतू ठाण मांडतात. आता घरात गॅस आला असेल, पण आंघोळीचं पाणी अजून चुलवणावरच तापतं ना? आणि ते लाकूड सारायला सकाळी कोण बसतं?

तोच धूर तुम्ही बाळाला कौतुकानं देताय. ओवा, वावडिंग, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकून बाळंतघर धुरानं भरायचं, ही आपली जुनी चाल आहे. माझ्या आईनंही मला दिली असेल. त्यामागची माया खोटी नाही. पण बाळाच्या नाकातला आणि कानामागच्या नळीतला झाडूही तसाच नाजूक असतो. धुरात वाढणाऱ्या मुलांना न्यूमोनिया आणि कान फुटण्याचा त्रास जास्त होतो, आणि कान फुटण्यामागे हा बिनआवरणाचा हिमोफिलस नेहमीच्या गुन्हेगारांपैकी एक. त्यावर पेंटा काम करत नाही. माझं ऐकशील तर आजपासून धुरी बंद. न्हाऊ घातल्यावर कानात तेलही नको. अंगावरचं दूध सहा महिने फक्त तेच, आणि ते तू करतेच आहेस. कानांसाठीही ते चांगलं.

माहेरी जायचंच असेल तर विश्रांतीसाठी जा, चार दिवस आईच्या हातचं खाऊन ये. पण 'जंतूमुळे' म्हणून निघालीस तर तुझ्या सासूबाई ते मरेपर्यंत विसरणार नाहीत, आणि त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. शिवाय माहेरी चूल असेल तर हिशेब उलटाच होईल. ताट-वाटी वेगळी करून काही साधत नाही. हा जंतू ताटातून येत नाही, खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून येतो. खोकताना पदर तोंडावर, बाळाला घेण्याआधी साबणानं हात, खोकला जोरात असेल त्या दिवसांत बाळाच्या तोंडाशी तोंड न नेणं, खिडकी उघडी. टीबीचा कागद स्वच्छ आला की मालीश पुन्हा त्यांच्याकडे दे. त्यांच्या हाताला जे जमतं ते तुझ्या-माझ्या हाताला जमणार नाही.

त्यांच्यासाठीही काही कर. डॉक्टरांनी फवाऱ्याचा पंप दिला असेल तर 'सवय लागते' म्हणून तो कपाटात गेला असणार, हे मी पत्र न वाचताही सांगते. पंपाची सवय लागत नाही. औषध थेट छातीत जातं म्हणून मात्रा थोडी पुरते. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून कसा ओढायचा हे एकदा दवाखान्यात करून दाखवायला सांग. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूची त्यांच्या वयाप्रमाणे, हे डॉक्टरांशी बोल. बिनआवरणाच्या हिमोफिलससाठी बाजारात लस नाही. हिबची लस त्यांना देऊन उपयोग नाही. थंडीत बेडक्याचा रंग पालटला, प्रमाण वाढलं, धाप वाढली, यातली दोन लक्षणं दिसली की वाट न बघता दाखवायचं.

बाळासाठी मात्र काही खुणा पाठ करून ठेव, कारण कुठलीच लस सगळ्या जंतूंवर नसते. ताप आणि सोबत दूध ओढेनाशी होणं, हाक मारली तरी मरगळून पडणं, टाळू फुगणं, आकडी, बरगड्यांखाली खड्डा पडणं, किंवा शांत असताना मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त श्वास. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोज. यातलं एक जरी दिसलं तरी मध्यरात्र असली तरी निघायचं. अशा वेळी सल्ला सदराला पत्र लिहायचं नसतं.

भाचीवर रागावू नकोस. तिनं वाचलं, हे चांगलंच आहे. पुढच्या वेळी ती रिपोर्टची दुसरी ओळही वाचेल.

उपकेंद्रावर लसीकरणाचा दिवस कुठला ते आशाताईंना विचार, आणि जाताना सासूबाईंना बरोबर ने, मास्क लावून. सुई टोचताना बाळाचे पाय धरायला नर्सताईंना एक भक्कम हात हवा असतो. तुझ्यानं ते बघवणार नाही. लसीकरणाचं कार्ड पिशवीत आदल्या रात्रीच टाकून ठेव.